आणखी दहा गणितं : खाडीकाठच्या शाळेतलं एक प्रकरण

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका हुशार मुलीचं हे प्रकरण मी दोनदा तोंडी सांगितलं. दोन्ही वेळा शेवटी एकच प्रश्न आला, "मग नवोदयला, त्या सरकारी निवासी शाळेत, लागली का?" त्या प्रश्नाचं उत्तर पुढे येईलच, पण आधी बाकीचं नीट लिहून काढावं म्हणून हा खटाटोप.

गाव आणि शाळा सांगत नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मुलीला घरी 'बाय' म्हणतात. तळकोकणातल्या कुठल्याही वाडीत "गो बाय" अशी हाक मारली तर चारजणी वळून बघतील, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो.

पार्श्वभूमी

देवगड-मालवण पट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट १९, शिक्षक २. पहिली-दुसरी मुख्याध्यापिका बाईंकडे आणि तिसरी-चौथी-पाचवी एकाच खोलीत माझ्याकडे. मी घाटावरचा. बदलीने आलो तेव्हा मुलांची मालवणी मला अर्धीच कळायची, आणि माझं बोलणं ऐकून ती हसायची.

बायचे वडील गोव्यात हॉटेलात कामाला, पंधरा दिवसांनी येणारे. आई हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जाणारी. आजो पूर्वी होडीवर होता, आता जाळी दुरुस्त करतो. आजी ओहोटीला खडकावर कालवं काढायला जाते. एक धाकटा भाऊ. घरात पुस्तकं म्हणाल तर भिंतीवरची दिनदर्शिका आणि आजोच्या औषधांचे खोके. शाळेत यायच्या आधी ही मुलगी त्यांच्यावरच वाचायला शिकली होती.

ती तिसरीत माझ्याकडे आली तेव्हा बाईंनी मुलांची माहिती दिली. कुणाला जोडाक्षरं येत नाहीत, कुणाचा बाप पितो, कुणाला दुपारी झोप लागते. बायपाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "हिच्याकडे बघायची गरजच नाही, गुरुजी." कौतुकानेच म्हणाल्या. मीही ते कौतुक म्हणूनच ऐकलं. पुढचं वर्षभर मी खरोखरच तिच्याकडे पाहिलं नाही.

अडचण

तिसरीत पहिल्या दोन महिन्यांत मी जे केलं ते बहुतेक शिक्षक करतात. फळ्यावर दहा गणितं घालायची. बाकीच्यांची तीन होईपर्यंत बायची दहा झालेली असायची. "झालं? शाब्बास. मग ही आणखी दहा कर." तीही तसलीच, नुसते आकडे बदललेले. माझ्या समोर तीन इयत्ता होत्या, पाचवीचा भागाकार अडलेला होता, आणि हिला गुंतवून ठेवणं ही माझी गरज होती.

सप्टेंबरात तिचा वेग कमी झाला. नऊ गणितं व्हायची आणि दहावं राहायचं. चाचणीत वीसपैकी अठरा, मग सोळा. मी शेरा लिहिला, 'लक्ष देत नाही.' अक्षर बिघडलं. खोडून खोडून वहीची पानं पातळ झाली आणि एका ठिकाणी तर भोकच पडलं. चाचणीच्या दिवशी पोटात दुखायला लागलं. आईने दोनदा निरोप पाठवला, "आज बाय येऊची नाय."

दुसरी चूक याहून मोठी, कारण ती मला चांगुलपणा वाटत होती. मोकळी बसते म्हणून तिला मी पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवायला लावलं. बाईंनाही मदत व्हायची. पोरांनी तिचं नाव 'छोटे गुरुजी' ठेवलं. नाव गमतीचं होतं, पण मधल्या सुट्टीत 'छोटे गुरुजीं'ना कुणी लंगडीत घेईना. आठ वर्षांची मुलगी खिचडी शिजवणाऱ्या मावशींजवळ बसून भाजी निवडायची. मला ते दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावला की हिला मोठ्यांत रमायला आवडतं.

वर्षाच्या शेवटी आई भेटायला आली. "गुरुजी, ह्या चेडवाक काय सांगू, माका कळना नाय. रात्री जागा असता. चंद्र दिवसा कित्याक दिसता, विचारता. आणि शाळेत जाऊक रडता." मग चाचरत म्हणाली, "ता म्हणता, दहा केली की गुरुजी वीस देतत. म्हणान नव करतंय."

दहा केली की वीस मिळतात, म्हणून नऊच करायची. आठ वर्षांच्या मुलीने माझ्या पद्धतीचा अगदी बरोबर हिशोब केला होता, आणि मी त्या हिशोबाला निष्काळजीपणा म्हणत होतो.

भरतीचा तास

एवढं कळूनही चौथीच्या सुरुवातीला मी फारसं काही बदललं नव्हतं. आणखी दहा गणितं देणं थांबवलं, इतकंच. खरं वळण नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात आलं.

परिसर अभ्यासाचा तास होता. सहज विचारलं, आज भरती किती वाजता? पाचवीतला एक मुलगा उठला. अभ्यासात यथातथाच, पण बापाबरोबर होडीवर जाणारा. त्याने ताडकन वेळ सांगितली आणि कशी काढली तेही सांगितलं : तिथीची पाऊणकी. म्हणजे तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. हा हिशोब मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. खूश होऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला.

बायने हात वर केला. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

"गुरुजी, अमावास्येला?"

पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार. सव्वाअकरा.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

प्रतिपदा. एकाची पाऊणकी पाऊण. म्हणजे पाऊण वाजता.

"म्हणजे एका दिवसात दीड तास? रोज तर पाऊणच तास सरकते."

मी फळ्याकडे बघितलं. तिचं बरोबर होतं. पंधरा दिवस शहाण्यासारखी पाऊण-पाऊण तास सरकणारी भरती अमावास्या ओलांडताना एकदम दीड तासाची उडी मारत होती. मी म्हणालो, "अगं, तो अंदाज असतो," आणि फळा पुसला. पाचवीचा इंग्रजीचा पाठ राहिला होता.

संध्याकाळी कुलूप लावताना तिच्या बसकराजवळ फरशीवर खडूने लिहिलेलं दिसलं. १२ तास. १५ तिथी. ७२० भागिले १५, ४८. आणि खाली : '३ नि ४ नाय. ४ नि ५.'

मला ते कळायला कागद घ्यावा लागला. पंधरा तिथींत भरतीने घड्याळाचे बारा तास पुरे करायचे असतील, तर दर तिथीला ४८ मिनिटं हवीत. ४८ मिनिटं म्हणजे तासाचे चार पंचमांश. तीन चतुर्थांश घेतलं की दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींत पाऊण तास, आणि तो साठलेला पाऊण तास मग एका दिवसात उडी मारून भरून काढावा लागतो. चौथीच्या मुलीने हे खिचडी खाऊन झाल्यावर, कुणी न सांगता, फरशीवर सोडवलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कौतुकाने नव्हे. मी फळा पुसला होता, त्याने.

समोर असलेले पर्याय

बाई, मी आणि केंद्रप्रमुख असे तिघे बसलो. पुढच्या दोन आठवड्यांत आईशी आणि आजोशी वेगळं बोललो. काय काय विचारात घेतलं ते सांगतो.

पहिला पर्याय एकदम वरच्या वर्गात घालण्याचा. जुनी माणसं याला डबल प्रमोशन म्हणतात, आणि गावात एकदोन आजोबा अजून आपण दुसरीतून एकदम चौथीत गेल्याचं सांगतात. आता २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मूल आपल्या वयाच्या वर्गात असावं ही मूळ कल्पना आहे. कायद्याने ती लिहिली आहे मागे पडलेल्या, शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी, पण कागदोपत्री ती पुढे धावणाऱ्यालाही तिथेच धरून ठेवते. केंद्रप्रमुख म्हणाले, "कागदावर जमणार नाही." मला मात्र कागदापेक्षा वेगळी भीती होती. गणितात ती दोन वर्षं पुढे होती, पण लंगडीत, भांडणात, रडण्यात ती नऊ वर्षांचीच होती.

दुसरा पर्याय चाचणीचा. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसतज्ज्ञाकडे नेऊन बुद्ध्यांक काढून घ्यावा असं बाईंचं मत. आपल्याकडे या कामाला अजूनही बिने-कामत चाचणी वापरतात. मूळ बिनेची, आणि कामतांनी मराठी व कानडी मुलांसाठी बसवलेली. आई तयार झाली, आम्ही गेलो. रांगेत बहुतेक पालक अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मुलांना घेऊन आलेले. शेजारच्या बाईने कळवळून विचारलं, "हिका काय झाला?" आईला काय उत्तर द्यावं कळेना. आकडा मोठा आला. किती ते लिहीत नाही, कारण पुढे ज्याला ज्याला तो कळला त्याने त्यानंतर मुलीकडे न बघता आकड्याकडेच बघितलं, त्यात मीही आलो.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. १९२१ साली अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यांक मोजून हुशार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायचं ठरवलं. जी मुलं चाचणीत बसून त्याच्या गाळणीतून गळाली, त्यांत शॉकली आणि अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गाळणीतून निवडून आलेल्यांपैकी कुणालाही नाही. म्हणून चाचणी करूच नये असं मी म्हणत नाही. बायच्या बाबतीत तिचा एक फायदा झाला : आईची धास्ती गेली. पोर वेडंबिडं नाही, हे तिला कुणीतरी डॉक्टरसारख्या माणसाने सांगायला हवं होतं.

तिसरा पर्याय पुण्याचा. केंद्रप्रमुखांनी ज्ञान प्रबोधिनीचं नाव काढलं. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली बुद्धिमान मुलांसाठीच सुरू केलेली संस्था. आजोने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुणा?" त्या एका शब्दातच चर्चा संपली. मी फार रेटलं नाही. नऊ वर्षांची मुलगी रात्रभराच्या एसटीच्या अंतरावर ठेवायची, तर आधी तिथे तिचं कोण, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

चौथा पर्याय सगळ्यांच्या आवडीचा : पाचवीची शिष्यवृत्ती आणि नवोदय. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला आहे. सहावीला ८० जागा, त्यातल्या निदान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांसाठी, राहणं-जेवण फुकट. एकाच शाळेत सगळ्या जिल्ह्यातली तिच्यासारखी मुलं. हे मला मनापासून पटलं होतं, आजही पटतं. पण परीक्षेला दीड वर्ष होतं, आणि तोवर काय, याचं उत्तर सगळ्यांकडे एकच होतं : सराव. म्हणजे पुन्हा आणखी दहा गणितं.

पाचवा पर्याय कुणी मांडला नाही. तो खोलीतच होता.

काय केलं

तीन इयत्ता एका खोलीत असणं ही आमची रोजची रड. पण त्यातली एक सोय माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. बायला गणितापुरतं पाचवीत बसवायला ना कागद लागत होता ना परवानगी. बसकर उचलून सहा फूट पुढे टाकायचं. गणिताचा तास संपला की परत मागे. पहिल्या दिवशी पाचवीतली मुलं कुजबुजली. त्यांतली एक मुलगी सरकली आणि तिला पाटी टेकायला जागा दिली. ती मुलगी गणितात मध्यम होती, पण चित्रं सुरेख काढायची. पुढे दोघींचं गूळपीठ जमलं ते बाय कोडी सांगते आणि ती चित्रं काढते यावर.

मग 'शेवटचं आधी' असा नियम केला. फळ्यावरची गणितं सोप्याकडून अवघडाकडे लावलेली असतात. ज्याला वाटेल त्याने शेवटची दोन आधी सोडवावीत. जमली तर वरची आठ माफ, आणि मोकळा वेळ त्याचा स्वतःचा. हे तिच्या एकटीसाठी केलं नाही, सगळ्या खोलीला लागू केलं. तीन मुलांनी नियम वापरला. त्यांतल्या दोघांची नावं मला अपेक्षित नव्हती.

छोटे गुरुजीपण बंद केलं. बाईंना अडचण झाली, थोडी कुरबुरही झाली.

चौथी गोष्ट खाडीपलीकडच्या हायस्कूलमधल्या गणिताच्या सरांची. त्यांना मी फरशीवरच्या आकड्यांचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता तिला सांगा, समुद्राला विचारून ये." शनिवारी सकाळची शाळा सुटली की तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, पलीकडे जायचं आणि तासभर सरांकडे बसायचं असं ठरलं. आजो सोबत.

समुद्राला विचारायचं म्हणजे जेटीवर पूर्ण भरतीची वेळ नोंदवायची. हे वाटतं तितकं सोपं नाही. पाणी वर चढून थबकतं तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं ते चढतंय की उतरतंय तेच कळत नाही. बायच्या पहिल्या आठ नोंदी त्यामुळे फुकट गेल्या. नवव्या दिवशी तिने युक्ती काढली : जेटीच्या एका पायरीला खडूने खूण करायची, चढताना पाणी तिथे किती वाजता लागलं ते लिहायचं, उतरताना तिथून किती वाजता सुटलं ते लिहायचं, आणि दोन्हींचा मध्य धरायचा. सर म्हणाले, हे मी सांगणार होतो, पण थांबलो ते बरं झालं.

ते थांबण्यात पटाईत होते. दिवाळीपर्यंत तिच्या वहीत दोन पंधरवड्यांच्या नोंदी जमल्या आणि ४८ मिनिटांचं गणित कोसळलं. पौर्णिमेच्या आसपास भरती दिवसाला जेमतेम ४० मिनिटं सरकत होती. अष्टमीच्या सुमाराला तासाहून जास्त. शिवाय पौर्णिमेला बारा वाजता अपेक्षित असलेली भरती जेटीवर बरीच आधी येऊन गेलेली. बायने पान टराटरा फाडलं. त्या आठवड्यात शाळेत आली नाही. आजोने सांगितलं, जेवली नाही, "मी चुकलंय, मी चुकलंय" म्हणून रडत बसली.

मला राहवलं नाही. सरांना फोन केला, उत्तर सांगून टाका म्हटलं. ते म्हणाले, "गुरुजी, आजवर तिला न येणारं गणित भेटलंय का कधी? एकदा अडकू दे." आमचं थोडं वाजलं. सर बरोबर होते असं आज मी म्हणतो, पण त्या आठवड्यात मुलगी जेवत नव्हती आणि तिच्या घरी जाऊन आलो होतो तो मी. अजूनही मला वाटतं की थांबायचं होतं तर जवळ बसून थांबायला हवं होतं. लांबून थांबणं आणि सोडून देणं यांतला फरक मुलाला कळत नाही.

जवळ बसला तो आजो. फाडलेलं पान त्याने जाळ्याच्या सुईदोऱ्याने शिवून वहीत लावलं. ते मी पाहिलंय, निळा नायलॉनचा दोरा. तिने विचारलं, "आजो, तू चुकलंस काय मी?" तो म्हणाला, "माका बापाशीन शिकवल्यान, मी तुका शिकवलंय. समुद्राक गणित येना नाय गो. तू परत जा नि बघ."

तीन आठवड्यांनी सरांनी एकच सूचना दिली : पाणी फक्त चंद्रच ओढतो का? मग सूर्य आला. पौर्णिमा-अमावास्येला दोघं एका रेषेत, म्हणून उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीला काटकोनात, म्हणून भांग, म्हणजे लहान भरती. सूर्याची भरती रोज त्याच वेळी येऊ पाहते आणि चंद्राची रोज ५० मिनिटं मागे पडते. दोघांच्या ओढाताणीत उधाणाला सरकणं कमी होतं आणि भांगाला वाढतं. दिवसामागे ५०, तिथीमागे ४८ ही नुसती सरासरी. पौर्णिमेला भरती बाराच्या आधी का येते, तर दर बंदराचा चंद्राच्या डोक्यावर येण्याशी स्वतःचा एक ठरावीक फरक असतो. आणि ज्या दिवसांत होडीवाल्याला वेळेची सर्वांत जास्त गरज असते त्या उधाणाच्या दिवसांत आजोचा पाऊण तास तिच्या ४८ मिनिटांपेक्षा खऱ्याला जवळ होता.

हे कळलं त्या शनिवारी ती तरीतून उतरून धावत घरी गेली, असं आजो सांगतो. काय म्हणाली विचारलं तर हसतो, सांगत नाही.

काय झालं

पोटदुखी चौथीच्या उन्हाळ्यापर्यंत गेली. वहीतली भोकंही गेली. अक्षर सुधारलं नाही, आजही वाईटच आहे. लंगडीत तिला घेतात, पण ती पटकन बाद होते.

पाचवीत शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा ती परीक्षा पाचवीलाच होती. दोन पेपर, प्रत्येकी दीडशे गुणांचे. सराव थोडाच केला. शाळेच्या फलकावर नाव लागलं, पेढे वाटले.

नवोदयची निवड मात्र झाली नाही.

परीक्षेत ८० प्रश्न, वेळ दोन तास. निम्मे प्रश्न आकृत्यांचे, बाकीचे गणिताचे आणि भाषेचे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे न येणारा प्रश्नही ठोकून यायचा असतो. बाय बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला होता. मला म्हणाली, "गुरुजी, एक आकृती भारी होती. तिची दोन उत्तरं होतात." त्या एका आकृतीवर ती किती वेळ बसली होती ते तिला सांगता येईना. गणिताचे शेवटचे आठ-नऊ प्रश्न बघायचेच राहून गेले होते. दीड वर्ष आम्ही तिला अडकलेल्या जागी चिवटपणे बसायला शिकवत होतो, ती तिथेही तशीच बसली. नवोदयची सहावीची परीक्षा एकदाच देता येते.

यादीत नाव नाही हे कळलं तेव्हा ती रडली, पण भरतीच्या वेळी रडली होती तशी नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत होती. रडायचं मला झालं होतं.

सहावीपासून ती खाडीपलीकडच्या हायस्कूलमध्ये जाते. तिथे तिला तेच सर आहेत. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते, तिची लेखी फेरी तिने दिली आणि पुढच्या फेरीला गेली नाही. सर म्हणाले, काही बिघडत नाही. पाचवीतली ती चित्रं काढणारी मुलगी तिच्या एक वर्ष पुढे, त्याच शाळेत. दोघी एकत्र जातात.

निर्णयाच्या जागा, आज पाहताना

फळा पुसला ती पहिली. वेळ नव्हता हे खरं, पण "अगं, तो अंदाज असतो" याऐवजी "हे मला माहीत नाही, लिहून ठेव" एवढं म्हणायला तेवढाच वेळ लागला असता.

आईला उशिरा विचारलं ही दुसरी. नऊच गणितं करण्यामागचं कारण घरात सप्टेंबरपासून माहीत होतं. मला मार्चमध्ये कळलं. मुलगी 'चांगली' आहे म्हणून पालकभेटीत तिच्या आईला मी दोन मिनिटांत मोकळं करायचो आणि अर्धा तास मागे पडलेल्यांच्या पालकांना द्यायचो.

नवोदयच्या तयारीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. सरावाचा मला तिटकारा आला होता, म्हणून तो मी जवळजवळ टाकूनच दिला. चार रविवार घड्याळ लावून पेपर सोडवून घेतले असते तर न सुटणारा प्रश्न सोडून पुढे जायचं हे ती सहज शिकली असती. अडकून बसणं आणि सोडून पुढे जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिला दोन्ही शिकवायला हव्या होत्या. आजोला भांग-उधाण दोन्ही कळतात, मला एकच कळलं.

आणि एक जागा अशी आहे जी मी शिक्षण परिषदेत दोन्ही वेळा सांगायची टाळली. पाऊणकीचा हिशोब वर्गात कुणी आणला? त्या पाचवीतल्या मुलाने. तिथी तोंडपाठ, गुणाकार तोंडी, भरतीची वेळ घड्याळाविना. त्याचाही फळा मी त्याच हाताने पुसला होता. त्याच्यासाठी कुणी बसकर हलवलं नाही, कुणाला फोन केला नाही, जिल्ह्याला नेऊन चाचणी केली नाही, कारण त्याची वही नीटनेटकी नव्हती, प्रमाण मराठी येत नव्हती आणि चाचण्यांत तो पास होण्यापुरता असायचा. 'शेवटचं आधी' नियमाने ज्या दोघांची नावं मला अनपेक्षित होती म्हटलं, त्यांतला एक तोच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांसाठी शाळा आणि शाळा संकुल पातळीवर गणिताची, विज्ञानाची मंडळं चालवण्याबद्दल लिहिलंय. आमच्या खाडीत ते मंडळ म्हणजे शनिवारची तर, आणि तिच्यात तेव्हा एकाच मुलीला जागा होती. ती मीच एकीची ठेवली होती.

तो मुलगा आता नववीत आहे. गेल्या जूनपासून सरांनी त्यालाही शनिवारी बोलावलंय. त्याचं पहिलं काम बायची जुनी वही तपासून चुका काढणं हे आहे, आणि त्याने आतापर्यंत चार काढल्या आहेत. एका चुकीवरून दोघांचं भांडण चालू आहे.

तरीची दुपारची फेरी यंदापासून बंद झाली. आता आजो लहान होडीने सोडतो, पण खाडीत पाणी असेल तरच. ओहोटी असली की पुलावरून वळसा घालून चालत जावं लागतं. आणि येत्या शनिवारी कोणत्या वाटेने जायचं ते बुधवारीच ठरतं, दोघं मिळून काढतात.